दर्यातला जुम्मा

आमच्या घरात समुद्राला कुणी समुद्र म्हणत नसे, दर्या म्हणत. आजोबा दर्यावर गेले, आजोबा दर्यावरून आले, या दोन वाक्यांत आजीचा अर्धा संसार संपला. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. नारळ, थोडी भातशेती आणि घराघरांत एक पत्र्याची ट्रंक. त्या ट्रंकेत कसल्या तरी परदेशी साबणाचा वास आणि तळाशी एक जुनं पुस्तक असायचं. त्या पुस्तकाला सगळे 'नळी' म्हणत. खलाशाने कोणत्या बोटीवर किती काम केलं, वागणूक कशी होती, याची नोंद त्यात असे. ज्याची नळी साफ, त्याला पुढची बोट.

आजोबांची नळी साफ होती. खलाशी म्हणून चढले आणि टिंडेल म्हणून उतरले. मोठ्या प्रवासी बोटींवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघायचं, एडन, सुवेझ, मार्सेल्स करत इंग्लंड, कधी उलट्या अंगाला ऑस्ट्रेलिया. लहानपणी ही गावं मला भूगोलाच्या पुस्तकाआधी आजोबांच्या तोंडून ऐकू आली.

हे सगळं आठवायला एक निमित्त घडलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि आमची ही मुलाकडे इंग्लंडला होतो. तिथून मुलीकडे न्यू जर्सीला जायचं होतं. मध्येच माझ्या कानाची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे विमान नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा म्हणाला, "बाबा, बोटीने जा की." मला वाटलं चेष्टा करतोय. बोटीने अमेरिकेला जायचे दिवस कधीच सरले, असं मी धरून चाललो होतो. पण एक बोट अजून हा जुना मार्ग नेमाने धरते. तिचं नाव 'क्वीन मेरी २'. सदम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री.

सहलीच्या बोटी आज पुष्कळ आहेत. त्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतात, हवा बिघडली तर वाट बदलतात. ही बोट त्या जातीची नव्हे. ठरल्या दिवशी एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहोचवणं हे तिचं काम. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत ती बांधली गेली आणि जानेवारी २००४ मध्ये पहिल्या सफरीला निघाली. लांबी ३४५ मीटर. पाण्याखाली दहा मीटरहून अधिक खोल. नाळ लांब आणि निमुळती, अंगाचा पत्रा जाड, वेग तीस नॉटपर्यंत. ॲटलांटिकच्या हिवाळी लाटा अंगावर घ्यायच्या म्हणून हे सगळं. नाळेच्या डेकवर पंख्याच्या सुट्या पात्या बोल्टांनी घट्ट बसवून ठेवलेल्या दिसतात. एखादं शिल्प मांडावं तशा.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही निघालो. बुधवार आणि गुरुवार नवलाईत गेले. मी सांगतो आहे तो दिवस जुम्म्याचा.

फजरला जाग आली तेव्हा खोलीत काळोख होता आणि पलंग अगदी हळू झुलत होता. ही आधीच उठून बसली होती. पहिल्या रात्रीपासून तिचा एकच प्रश्न होता, किबला कुठे? घरात आयुष्यभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेली माणसं आम्ही. मुलाकडे इंग्लंडात दिशा आग्नेयेला गेली, तिथेही मुलाने फोनवर बघून मुसल्ला अंथरून दिला होता. इथे आमच्या फोनला रेंज नाही आणि बोटीचं इंटरनेट घेण्यात पैसे घालवायचे नाहीत, असं तिने ठरवलेलं. दोन दिवस आम्ही अंदाजाने पढलो. अल्लाह नीयत बघतो, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "नीयत तो बघतोच, पण तुम्ही विचारायला काय हरकत आहे?"

तशीच नमाज उरकून मी सातव्या डेकवर गेलो. हा डेक बोटीला सगळीकडून वेढा घालतो. तीन फेऱ्या मारल्या की मैलाहून थोडं जास्त चालणं होतं. नुकतं उजाडत होतं. माणूस कुणी नव्हता. लाकडी फळ्या ओल्या होत्या आणि वर लाईफबोटी ओळीने टांगलेल्या. मी चालत मागच्या बाजूला वळलो आणि थांबलो. एक पोरगा रबरी नळीने कठड्यावरचं मीठ धूत होता.

मला पाहून त्याने पाणी बंद केलं, इंग्रजीत सलाम केला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं आणि ते आमच्यातलं होतं. मी मराठीत विचारलं, "कुठला रे तू?"

तो बघतच राहिला. मग हसला. "दापोलीकडचा, चाचा."

दापोली म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडचा तालुका. आमच्या दोघांमध्ये तेवढंच अंतर होतं आणि भेट झाली ती अशी. दोन-चार मिनिटं तो बोलला. काही महिन्यांचा करार, मग सुट्टी, मग पुन्हा करार. घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी. "रोज बघतो तिला फोनवर. आता दात आलेत." मग घड्याळ बघत म्हणाला, "लोक उठायच्या आत हे संपवायला लागतं, चाचा."

मी त्याला किबला विचारला. त्याने विचारही केला नाही. हाताने मागे, बोटीच्या मागे लांबवर पसरलेल्या पांढऱ्या फेसाकडे दाखवलं. "आपण पश्चिमेला चाललोय ना. इथनं किबला जवळजवळ पूर्वेला. फेस जिकडे जातो तिकडे तोंड करा."

तो कामाला लागला. मी तिथेच कठडा धरून उभा राहिलो.

लोक उठायच्या आत. हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. आजोबांकडून. त्यांच्या काळी पहाटे चारला खलाशांची रांग अनवाणी डेकवर बसायची आणि पाणी, वाळू टाकून दगडाने फळ्या घासायची. साहेब-मडमा फिरायला बाहेर पडायच्या आत डेक कोरडा व्हायला हवा. मग दिवसभर त्या डेकवर खलाशाने कामाशिवाय पाऊल टाकायचं नाही. आजोबा सांगत, "ज्या फळ्या घासल्या, त्यांच्यावर मी कधी चपला घालून चाललो नाही." आम्ही हसायचो. त्यांनाही ते हसण्याचंच वाटत असावं. त्या सकाळी माझ्या पायांत मुलाने घेऊन दिलेले बूट होते.

आजोबांना एक धाकटा भाऊ होता. त्याला मी पाहिलं नाही, त्याचा फोटोही नाही. घरात त्याचा उल्लेख 'धाकटा' असाच होई. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले, कारण गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांना चौथाई पगार मिळत होता. काही वाढ झाली. वाढीची बातमी खाडीपर्यंत पोहोचली आणि घरातली पोरंही दर्यावर जायला निघाली. आजोबांनी सारंगाकडे शब्द टाकला, मुंबईत गावच्या जमातीच्या खोलीवर भावाला आपल्या शेजारी झोपवलं आणि त्याची नळी काढून दिली. दोघांना बोटी मात्र वेगळ्या मिळाल्या.

१९४२ च्या हिवाळ्यात ॲटलांटिकमध्ये पाणबुडीने धाकट्याची बोट बुडवली. कुठे ते कुणी सांगितलं नाही. गावात कागद आला तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. धाकट्याच्या बायकोचं वय तेव्हा एकोणीस. ती कागद मानायला तयार नव्हती. इद्दत कधीपासून धरायची, बुडाल्याच्या दिवसापासून की कागद आल्याच्या, यावर जमातीत दोन दिवस बोलणं चाललं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. मय्यत समोर नसली तरी आमच्याकडे गायबाना जनाजा पढता येतो. पुढच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर मशिदीत तो पढला गेला. आजोबा त्या दिवशीही दर्यावरच होते. भावाच्या जनाज्याची खबर त्यांना कुठल्याशा बंदरात पत्राने कळली.

चुलतआजीला मी पाहिली आहे. बांगड्या तिने शेवटी काढल्या, पण त्या फोडल्या नाहीत. डब्यात घालून ठेवल्या. आजी तिला समजवायची, "दर्यात बुडाला तो शहीद असतो, हदीसच आहे." चुलतआजी म्हणायची, "असेल. पण कबरीवर फूल ठेवायला जागा तर पाहिजे ना."

आता जे लिहायचं ते मला पन्नास वर्षं लिहिता आलेलं नाही. १९७२ साल. मी मॅट्रिकला होतो. पाऊस नव्हता, घरात तंगी होती. आजोबा एका संध्याकाळी पडवीत कंदिलाची काच पुसत बसले होते. म्हणाले, "परीक्षा झाली की तुझी पण नळी काढू. ओळखीचा सारंग आहे अजून." मला शिकायचं होतं. नाही म्हणण्याचे कितीतरी मार्ग होते. मी म्हणालो, "आजा, तुम्ही गोऱ्यांच्या बोटी घासल्यात. सख्ख्या भावालाही घासायला नेलंत आणि पाण्यात घालून आलात. मला नाही जायचं."

पडवीत चुलतआजी होती. आई होती. कुणी बोललं नाही. आजोबांनी काच पुसून पूर्ण केली, कंदिलावर बसवली, वात लावली आणि मशिदीत निघून गेले. पुढे नळीची गोष्ट त्यांनी काढली नाही. माझ्या कॉलेजच्या फीला ट्रंकेतून पैसे काढून दिले. १९७६ मध्ये ते गेले. या चार वर्षांत माफी मागायला मला रोज वेळ होता.

मी शिक्षक झालो. डोंगरीतल्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं. शिक्षकांच्या खोलीत कुणी घराणं विचारलं तर मी "आजोबा शिपिंगमध्ये होते" असं सांगायचो. खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला टेबल-खुर्चीच दिसावी, अशा बेताने सांगायचो. शाळेसाठी मी सँडहर्स्ट रोडला उतरे. पुढचं स्टेशन मस्जिद. त्याच्या पूर्वेला खलाशांचं जुनं सेलर्स होम आहे आणि तिथे दोन्ही महायुद्धांत दर्यात गेलेल्या, ज्यांची कबर कुठेच नाही अशा हिंदी खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातली नावं पुस्तकांत लिहून ठेवली आहेत, जवळजवळ साडेसहा हजार. हे मला ठाऊक होतं. एकोणतीस वर्षांत मी एक स्टेशन पुढे गेलो नाही.

नाश्त्याला हिने विचारलं, "चेहरा का उतरलाय? बोट लागली का?" मी किबला सापडल्याचं सांगितलं. ती खूश झाली.

दुपारपर्यंत आम्ही बोट हिंडलो. दर्यावरच्या ग्रंथालयांत सर्वांत मोठं म्हणून या बोटीच्या ग्रंथालयाचं नाव घेतात. हजारो पुस्तकं काचेच्या कपाटांत, लाटेने पडू नयेत म्हणून बंद. वरच्या एका डेकवर कुत्र्यांची घरं. लोक आपली कुत्री घेऊन अमेरिकेला जातात. त्यांच्यासाठी तिथे एक इंग्रजी पद्धतीचा दिव्याचा खांब आणि एक अमेरिकी पद्धतीचा आगीच्या पाण्याचा नळ उभा केला आहे. कुठल्याही देशाच्या कुत्र्याची गैरसोय होऊ नये! हिला फार हसू आलं. मीही हसलो. पण मनात एक आकडा आला. कुठेतरी वाचला होता. ब्रिटिश कायद्याने १९०६ मध्ये गोऱ्या खलाशाला झोपायला १२० घनफूट जागा ठरवली, तेव्हा हिंदी खलाशाला हिंदी कायद्याप्रमाणे ३६ घनफूट होती. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. शिक्षकाला गुणाकार सुटत नाही. आमच्या गावच्या कब्रस्तानात यापेक्षा फार मोठा खड्डा खणत नाहीत.

एका अधिकाऱ्याने प्रवाशांपुढे बोटीची माहिती सांगितली. डिझेल इंजिनं आणि गॅस टर्बाइन वीज तयार करतात. त्या विजेवर बोटीच्या पोटाखाली लटकलेले चार पंखे फिरतात. त्यांतले दोन स्वतःभोवती वळतात, त्यामुळे बोटीला वेगळं सुकाणू नाहीच. सुकाणू नसलेली बोट! आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तंबाखू थुंकून म्हटलं असतं, "मग सुकाणी बिचारा काय करतो?"

बारा वाजता भोंगा झाला. मूळच्या 'क्वीन मेरी' बोटीचा एक भोंगा या बोटीवर बसवला आहे. दहा मैलांवर ऐकू जातो, असं म्हणतात. त्याचा आवाज कानाला लागत नाही, छातीत उतरतो. मग कॅप्टन बोलला. रोज दुपारी बोलतो. आपण कुठे आहोत, वेग किती, वारा कसा, खाली पाणी किती. त्या दिवशी निम्मी वाट सरत आली होती आणि खाली चार किलोमीटरच्या आसपास पाणी होतं.

चार किलोमीटर. आमच्या घरापासून मशीद ओलांडून बाजारापर्यंतचं अंतर. तेवढं सरळ खाली.

मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही. आम्ही जोहर आणि असर एकत्र, दोन-दोन रकात पढलो. मुसल्ले फेसाच्या दिशेने अंथरले. ही सज्द्यात गेली की बोटीच्या झुलण्याने थोडी पुढे सरके आणि सलाम फिरवून हसे. आयुष्यात पहिल्यांदा मी किबल्यापासून दूर जात असताना किबल्याकडे तोंड करून उभा होतो. सगळा जन्म मनात येऊन गेला.

नमाज झाल्यावर तिला सांगितलं. कंदिलाची काच, माझं वाक्य, सगळं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण हे तिला माहीत नव्हतं. तिला चुलतआजी माहीत होती, १९८९ मध्ये तिला शेवटचं गुस्ल देणाऱ्या बायकांत ही होती. बांगड्यांचा डबा तिनेच पाहिला होता. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, पोरवय होतं. ती तसं म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "चला, उठा. शाल घ्या, बाहेर वारा आहे."

आम्ही सातव्या डेकच्या मागच्या टोकाला गेलो. लोक लांब खुर्च्यांवर पांघरुणं घेऊन पडले होते. आत चहाची वेळ झाली होती. पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा आणि केक घेऊन फिरत असतील, वाद्यवृंद वाजत असेल. कालपर्यंत आम्हीही तिथेच होतो. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. धाकट्याची बोट इथेच बुडाली असं नाही. हजार मैल उत्तरेला असेल, दक्षिणेला असेल. पण दर्याला भिंती नाहीत. पाणी तेच.

हात उचलून फातिहा पढलो. धाकट्यासाठी, ज्याचं खरं नाव मी त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी तोंडाने उच्चारलं. मग आजोबांसाठी. त्यांची कबर गावात आहे, दर सुट्टीत मी तिथे जातो. पण तिथे मला कधी बोलता आलं नाही. इथे बोललो. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून. "आजा, चूक माझी होती." एवढंच. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होतं, ते एक बरं होतं.

हिने पर्समधून वेफरचं पाकीट काढलं, मला वाटलं खायला देतेय. ते तिने परत ठेवलं आणि रुमाल काढला.

संध्याकाळी सगळ्यांनी नटून जेवायला जायची पद्धत. मुलाच्या लग्नात शिवलेली शेरवानी मी घातली. मटणाचा प्रश्न होता म्हणून आम्ही मासळी आणि भाजीवरच होतो. मासा चांगला होता, पण कोकमाशिवाय मासा म्हणजे काय ते हिने मला सविस्तर समजावून सांगितलं. जेवणघरातून परतताना जिन्यात तो पोरगा पुन्हा दिसला, आता दुसऱ्या कपड्यांत. "किबला सापडला का, चाचा?" मी म्हटलं, "सापडला." मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण त्याची ड्यूटी संपली होती, मुलगी झोपायच्या आत त्याला फोन करायचा असेल. आपल्याकडे तेव्हा रात्र किती झाली असेल याचा हिशोब मला जमेना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या आजोबांचं विचारायचं राहून गेलं.

या वाटेवर पश्चिमेला जाताना पाच रात्री घड्याळ एक-एक तास मागे करावं लागतं. त्या रात्रीही तशी चिठ्ठी खोलीत आली. हिने मनगटी घड्याळ काढून काटे मागे फिरवले. "एक तास फुकट मिळाला," ती म्हणाली. मग दिवा मालवता मालवता थांबली.

"मुंबईला पोहोचलो की पहिल्या सोमवारी मस्जिदला उतरायचं. मी येते बरोबर. पुस्तकात नाव बघू."

"एका नावाची दहा माणसं असतील त्यात," मी म्हणालो. "कोकणातली नावं तीच ती. आपला कोण ते कसं कळणार?"

"मग दहांसाठी पढू," ती म्हणाली आणि दिवा मालवला.